वाटेवरचा घोडा: माणदेशापासून जावळीपर्यंत

घोडा घ्यायला निघालेला माणूस आमच्या भागात आधी कान बघतो. कानांची टोकं जुळतात का, घोडा पंचकल्याणी आहे का, भोवरे कुठे पडलेत, देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे की नाही. मग रंग, मग उंचीचे इंच. दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या अकलूजच्या घोडेबाजारात काय, किंवा दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत काय, जनावराचं मोल बहुतांशी यावरच ठरतं. मिरवणुकीला, नाचवायला, दारात बांधायला घोडा हवा असेल तर त्यात वावगं काही नाही. पण अलीकडे सातारा-सांगलीकडे वेगळ्या कामासाठी घोडा पाळू पाहणारी माणसं दिसू लागली आहेत. त्यांना घोड्यावरून लांब जायचं असतं. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, दोन-तीन दिवस सलग, गाडीवाटेने, डोंगराच्या कडेने, ओढ्यातून. कुठल्या जातीचा घोडा घ्यावा, असं ती विचारतात, आणि मिळणारं उत्तर बहुधा बाजारातलंच असतं: मारवाडी घ्या, उंच घ्या.

हे उत्तर मला पटत नाही. कारण आधी वाट बघायला हवी.

या दोन जिल्ह्यांत घोड्याच्या खुरासाठी दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे जांभा दगड, शेवाळ, निसरड्या पायवाटा आणि चार महिने सतत ओली जमीन. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत. तिथे पाऊस पाचशेच्या आसपास, तोही वेळेवर आला तर. उघडा मुरूम, बोचरे खडे, बाभळीचे काटे, चैत्र-वैशाखात डोक्यावर चाळिशीचं ऊन आणि पाणी कोसाकोसावर. पश्चिमेला जे जनावर पावसात टिकत नाही ते पूर्वेला उत्तम चालू शकतं, आणि उलटही. शिवाय पश्चिमेच्या बऱ्याच डोंगरात घोडा नेऊच नये. कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि तिथल्या मातीच्या पातळ थराला खुरांचा भार सोसत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तेव्हा लांबच्या घोडेस्वारीचा खरा मुलूख उरतो तो पूर्वेकडचा: शंभू महादेवाची रांग, ताथवडा, वारूगड, महिमानगड, शिखर शिंगणापूर, आणि खाली सांगलीकडे उतरलं की बाणूरगड, दंडोबाचा डोंगर. रुंद माळ, जुन्या गाडीवाटा, चढ आहेत पण घोड्याला झेपतील असे.

आणि याच मुलखाचा स्वतःचा घोडा आहे.

जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर काही वर्षं साताऱ्यात होता, आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास छापून आला. त्यात सुरुवातीलाच तो दख्खनच्या नद्यांची आणि तिथल्या घोड्यांची गोष्ट काढतो. गोदावरी, भीमा, नीरा आणि माण या नद्यांचे काठ घोड्यांसाठी नावाजलेले आहेत, आणि त्यातही नीरा-माणच्या काठचे घोडे लहानखुरे असले तरी सगळ्यांत चांगले, असा त्याचा निर्वाळा आहे. त्याने हे लिहिलं तेव्हा मराठ्यांचं घोडदळ नुकतंच मोडलं होतं, त्यामुळे ती जनावरं त्याने जवळून पाहिलेली असणार. माण नदी माण तालुक्यात उगवते, म्हसवडवरून आटपाडी तालुक्यात उतरते आणि सांगोल्याकडून भीमेला मिळते. म्हणजे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून वाहणारी ही नदी जुन्या काळी घोड्यांची नदी होती. याच पट्ट्याने खिलार बैल दिला, जतच्या माडग्याळची मेंढी दिली. कमी खाऊन, कमी पिऊन, लांब चालणारं जनावर घडवणं हा या मातीचा गुणच आहे.

या घोड्याला आपण भीमथडी म्हणतो. दख्खनी असंही म्हणतात. बहमनी आणि विजयनगरच्या काळात दाभोळ, चौल, गोवा या बंदरांतून अरबी-इराणी घोडे दख्खनेत येत राहिले. त्यांचं रक्त आणि इथल्या तट्टांचं रक्त मिसळून पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, बारगिराला सरकारी पागेतला मिळे. दोघांनाही लांब दौड सोसणारं, मिळेल ते खाणारं जनावर हवं असे. संताजी-धनाजींच्या पथकांना मोगलांच्या जड फौजांभोवती फिरता आलं त्यात या घोड्याच्या पायांचा वाटा मोठा होता. राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ते गीत घराघरांत पोचवणारे शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, हे मात्र साताऱ्याबाहेर फारसं कुणी सांगत नाही.

१८१८ नंतर सरंजाम आटले, पथकं मोडली, आणि घोडा पाळायचं कारणच गेलं. तट्टू टिकलं ते धनगरांच्या वाड्यात, म्हणजे मेंढ्यांसह फिरणाऱ्या बिऱ्हाडांत. फलटण-बारामतीपासून आटपाडीपर्यंतचे मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात, कुणी घाट उतरून कोकणात, कुणी कृष्णाकाठच्या बागायतीत, आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. मेंढ्या पुरुषांबरोबर चरत पुढे जातात. बिऱ्हाड घोड्यावर आणि घोडं बाईच्या हाती.

वाडा हलतो तेव्हा एकदा जवळून बघावं. उजाडायच्या आत पाल उतरतं. घोडीच्या पाठीवर आधी जुनं घोंगडं दुमडून, मग आणखी एक, म्हणजे कण्यावर काही टेकणार नाही. दोन्ही बाजूंना पोती सारख्या वजनाची. एक हाताने उचलून दुसरीशी तोलून बघितलेली. त्यावर मेंढ्या कोंडायची जाळी, भांडी, अंथरुणं. कालपरवा जन्मलेली कोकरं पिशवीत, माना बाहेर. कोंबड्या पाय बांधून वर. कधीकधी या सगळ्याच्या माथ्यावर एक लहान मूल. दोरी पोटाखालून घेऊन आवळली जाते तेव्हा घोडी पोट फुगवते. बाई थांबते, घोडीने श्वास सोडला की पुन्हा आवळते. शेजारून ट्रक जातो, कुत्री भुंकतात, कोंबडी फडफडते, घोडी कान हलवण्यापलीकडे काही करत नाही. तिचं शिंगरू मोकळंच मागून चालत असतं आणि हे सगळं शिकत असतं. रात्री पायबंद घालून सोडलं की मिळेल ते खायचं.

लांबच्या स्वारीच्या घोड्याकडून जगभर जे मागतात ते सगळं इथे आहे: न दचकणं, कठीण खूर, पाणी ओलांडायची सवय, थोडक्यात भागवणं, आणि दिवसभर एका लयीत चालणं. मोठे पैसे देऊन शिकवून घ्यावे लागणारे गुण या शिंगराला आईच्या मागे चालताना मिळतात.

२०२३-२४ मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. त्यासाठी बारामतीकडच्या अश्वप्रेमींनी बरीच वर्षं पाठपुरावा केला, आणि मोजमापांनी, तपासण्यांनी या घोड्याचं वेगळेपण दाखवावं लागलं. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, झंस्कारी, स्पिती, भूतिया, मणिपुरी यांच्या रांगेत आता हे नाव आहे. वेळही आणीबाणीची होती. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ते ३ लाख ४० हजारांच्या आसपास उतरले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे.

आता अडचण. घोड्याने पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वजन फार वेळ वाहू नये, असा जुना दंडक आहे. अमेरिकेतल्या ओहायोत २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून पाहिला. पंचवीस टक्क्यांपासून नाडी आणि स्नायूंचा त्रास स्पष्ट वाढला. सत्तर किलोचा स्वार आणि दहा किलोचं खोगीर धरलं तर घोडा चारशे किलोचा हवा. धनगराचं तट्टू मारवाडीशेजारी उभं केलं तर त्याच्या खांद्याखाली राहतं. ते अडीचशे किलोचं असेल तर पन्नास किलोच्या वर त्यावर लादणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणारा जुलूम आहे, मग इतिहास काहीही सांगो. जुना स्वारही आजच्या बहुतेकांपेक्षा अंगाने हलका होता, हे विसरू नये.

म्हणून माझं मत असं. आज जसं आहे तसं भीमथडी तट्टू हे मुलांसाठी, सडपातळ स्वारांसाठी आणि सामान वाहण्यासाठी या मुलखातलं सर्वोत्तम जनावर आहे. दोन दिवसांच्या फेरीत तंबू, शिधा, चंदी वाहायला याच्यासारखं दुसरं नाही. त्यातही थोड्या मोठ्या चणीच्या घोड्या अधूनमधून सापडतात. त्या निवडून ठेवल्या पाहिजेत. त्याच ओहायोच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांची कंबर रुंद आणि पायांची नळी जाड, ते घोडे भाराने कमी दुखावले. उंची वाढवण्यापेक्षा कंबर आणि नळी बघून निवड केली तर चार-पाच पिढ्यांत मध्यम स्वाराला पेलणारं भीमथडी उभं राहू शकतं. त्यासाठी मारवाडी घोडा लावून उंची आणणं हा आडमार्ग आहे. त्यात खूर आणि शांतपणा दोन्ही जातील.

तोवर पंचाहत्तर किलोच्या माणसाने काय घ्यावं? माझी पहिली पसंती काठियावाडी घोडीला, तीही आठ-दहा वर्षांची, साठ इंचांच्या आतली. सौराष्ट्राची जमीन आणि माणदेशाची जमीन फार वेगळी नाही. तीच उघडीप, तेच खडे, तेच ऊन. अंग सडसडीत, त्यामुळे घाम लवकर सुकतो आणि ताप उतरतो. डोकं मात्र तल्लख असतं, म्हणून पहिल्यांदाच मांड टाकणाऱ्याने शिंगरू घेऊ नये. दुसरी पसंती कच्छी-सिंधीला. नाक किंचित बाकदार, स्वभाव काठियावाडीपेक्षा मवाळ, वाळवंटात वाढलेला, आणि रवाल चालीसाठी प्रसिद्ध.

रवाल चालीबद्दल थोडं सांगायलाच हवं. दुडकी चालीत घोडा तिरके पाय, म्हणजे पुढचा एक आणि विरुद्ध अंगाचा मागचा, एकदम उचलतो आणि स्वार खोगिरात आपटत राहतो. रवालीत एका अंगाचे पाय मागोमाग पडतात, एक तरी पाय कायम जमिनीवर राहतो आणि पाठ हलत नाही. दिवसभराच्या स्वारीत हा फरक स्वाराच्या कमरेला आणि घोड्याच्या पाठीलाही कळतो. आइसलँडचे घोडे अशाच चालीसाठी जगभर ओळखले जातात. त्यांच्या चालीमागचा जनुकातला बदल २०१२ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढला. दक्षिण अमेरिकेतला पासो फिनो, अमेरिकेतला टेनेसी वॉकिंग हॉर्स हे त्याच गुणावर वाढवलेले. ते इथे आणायची गरज नाही. आपल्या काठियावाडी, मारवाडी, कच्छी-सिंधी घोड्यांत हा गुण आहे, फक्त विकत घेताना घोडा चालवून पाहायला हवा आणि वर बसून पाहायला हवा.

मारवाडीला मी तिसऱ्या जागी ठेवतो. जातीने तो वाईट नाही. थरच्या रेतीत तो शतकानुशतकं टिकला आहे, आणि मूळच्या मध्यम चणीचा मारवाडी लांबच्या वाटेला उत्तम. पण इकडे येणारा मारवाडी बाजाराने घडवलेला असतो: चौसष्ट-पासष्ट इंच, मान उंच, पाय लांब, नाचण्यासाठी तयार केलेला, आणि बऱ्याचदा दिवसातले बावीस तास ठाणबंद. आगाडी-पिछाडी बांधून, हरभरा, दूध, गूळ घालून चकाकवलेला. असा घोडा वारूगडाच्या चढावर नेला तर पहिल्या तासात घामाने फेसाळतो आणि दुसऱ्या दिवशी लंगडतो. दोष त्याचा नाही.

शर्यतीचा थरोब्रेड हा चौथा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले काही घोडे स्वारीच्या शाळांत आणि महाबळेश्वर-माथेरानसारख्या ठिकाणीही येतात. मैदानात शिकायला, शिकवायला ते चांगले. माणसाळलेले असतात, खोगीर-लगाम माहीत असतो. पण खुराचा तळ पातळ, कातडी पातळ, आणि खाणं भरपूर लागतं. नाल पडला की मुरमावर दोन किलोमीटर चालणं त्याला अवघड. अरबी घोड्याची गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप नावाची एका दिवसात शंभर मैल जायची स्वारी होते आणि तिच्यात अरबींचं वर्चस्व आहे. इथलं ऊनही अरबीला मानवेल. किंमत मानवली पाहिजे.

हिमालयातली तट्टं, स्पिती, झंस्कारी, भूतिया, पावलाला पक्की आहेत, पण ती थंडीसाठी घडलेली. जतच्या उन्हात त्यांना आणणं क्रूरपणा ठरेल.

जातीइतकीच सवय महत्त्वाची, आणि याचा दाखला आपल्याकडे दरवर्षी चालून जातो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. त्या सोहळ्याचे अश्व चिकोडीजवळच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, आणि ते गाडीत घालून आणत नाहीत. मिरज-सांगलीवरून, सातारा जिल्हा ओलांडून, तीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर दहा-अकरा दिवसांत चालून ते आळंदीला पोचतात. मग पालखीबरोबर पुन्हा नीरा ओलांडून साताऱ्यात येतात आणि लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिल्या उभ्या रिंगणात धावतात. येताना दिवसाला सत्तावीस-तीस किलोमीटर, डांबरावरून, गर्दीतून, ज्येष्ठाच्या उन्हात. घोडा हळूहळू चालीला लावला तर काय करू शकतो हे यातून दिसतं. ठाणावरून सोडून थेट तीस किलोमीटर नेणाऱ्याने हा क्रम लक्षात घ्यावा. दीड-दोन महिने रोज अंतर वाढवत न्यावं लागतं.

बाजारात घोडा बघताना खाली वाकून सुरुवात करावी. चारही खूर उचलायला सांगावेत; जो घोडा पाय देत नाही त्याला वाटेत नाल कोण बसवणार? खूर बशीसारखा पसरट नको, टाच खोल हवी, भिंतीवर आडव्या वळ्या फार नकोत. त्या वळ्या बहुधा पूर्वी अति खाण्याने किंवा आजाराने खूर दुखल्याची खूण असते. तळाच्या मऊ भागाला वास येत असेल तर ठाण ओलं होतं. मग नळीवरून हात फिरवावा. गरम किंवा सुजलेली जागा बोटाला लागते. कण्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या खोगिराने घातलेल्या जखमा. मग घोडा कडक जमिनीवर सरळ चालवून, सैल लगामाने, मागून आणि बाजूने बघावा. मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडलं तर पावलाला लांबी आहे. ग्लँडर्सची तपासणी झालेली आहे का, हे विचारायला लाजू नये. हा रोग माणसालाही होतो.

खाण्याबाबत ऊसपट्ट्यातल्या लोकांना एक विनंती आहे. ओलं उसाचं वाडं आणि गूळ-हरभऱ्याची चंदी ही सुखवस्तू घराची माया असते, पण कोरड्या मुलखात घडलेल्या घोड्याच्या पोटाला आणि खुराला ती घातक आहे. कोरडं गवत, कडबा, थोडी मोड आलेली किंवा उकडलेली हुलग्यांची चंदी, भरपूर पाणी आणि मीठ. याहून फारसं लागत नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडे घोडा ठेवणाऱ्याने ठाणाला मुरूम टाकून उंच करावं आणि रोज खूर कोरडे करावेत. डांबरावरून रोज जायचं असेल तर नाल हवेत आणि महिना-दीड महिन्याने नालबंद यायला हवा. या दोन जिल्ह्यांत नालबंद कमी होत चालले आहेत, आणि घोडा घेण्यापूर्वी नालबंद शोधावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

जातीच्या नोंदणीने भीमथडीला कागद मिळाला. त्याने धनगराच्या घरी पैसे गेले तरच घोडी वाड्यात राहील. आज वाडे हलवायला टेम्पो आलेत. ज्या घोडीचं काम टेम्पोने घेतलं ती विकली जाते, आणि तट्टाला मारवाडीच्या पासंगालाही पुरेल असा भाव मिळत नाही. कारण बाजारात तिची परीक्षा कानांवर होते, आणि तिचा गुण विसाव्या किलोमीटरला दिसतो. म्हणून अकलूजच्या बाजारात, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत, नाचाच्या आणि सौंदर्याच्या स्पर्धांबरोबर एक चालण्याची स्पर्धा ठेवावी असं मला मनापासून वाटतं. पहाटे निघून वीस किलोमीटर, अर्धं माळावरून, अर्धं चढाचं, घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका भार घेऊन. परत आल्यावर पशुवैद्यकाने छातीला नळी लावून दहा-पंधरा मिनिटांत नाडी साठपर्यंत उतरते का ते बघावं, चारही खूर उचलावेत, पाठीवरून हात फिरवावा, आणि प्रत्येक जनावराचे आकडे फळ्यावर लिहावेत. बोली त्यानंतर सुरू व्हावी.